रोज पाच वेळा लागणारी नळी: फीडिंग ट्यूब, साधी आणि हायड्रोफिलिक, सहा वर्षं वापरून

मिक्सरचे, मोबाइलचे रिव्ह्यू ढिगाने मिळतात पण आम्हाला जेव्हा गरज होती तेव्हा लघवीच्या नळीबद्दल मराठीत कुणी दोन ओळी लिहिलेल्या मला सापडल्या नव्हत्या, म्हणून हे लिहायला बसलेय. लेक आता ९ वर्षांची आहे, जन्मतःच पाठीवर गाठ होती, स्पायना बायफिडा, म्हणजे पोटात असतानाच मणका नीट बंद न होणं, त्यातला मायलोमेनिंगोसील हा प्रकार. तिच्या वयाच्या तिसऱ्या वर्षापासून आम्ही नळीने लघवी काढतोय, म्हणजे सीआयसी, दिवसातून पाच वेळा, म्हणजे हिशोब केला तर दहा हजाराच्या वर वेळा झालं असेल आत्तापर्यंत. तीन प्रकारच्या नळ्या वापरून झाल्या. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाहीये कारण कराडला जे मिळतं ते नांदेडला मिळेलच असं नाही आणि दुकानात माल बदलत राहतो, प्रकार कळला की पुरे.

आधी थोडं मागचं सांगते, कारण त्याशिवाय नळी एवढी महत्त्वाची का हे कळणार नाही. जन्मल्यावर दुसऱ्या दिवशी मुंबईत ऑपरेशन झालं, गाठ बंद केली, मग डोक्यात पाणी साठायला लागलं म्हणून शंट, म्हणजे ते पाणी वाहून नेणारी आतली नळी, बसवला, पहिली दोन वर्षं आमचं सगळं लक्ष डोक्याच्या मापावर आणि पायांवर. चालेल का, कधी चालेल, हेच सगळे विचारायचे आणि आम्हीही डॉक्टरांना तेच विचारायचो. लघवीचं म्हणाल तर डायपर कायम ओला असायचा, आम्हाला वाटायचं होतेय ना लघवी, मग ठीक आहे. गावाकडच्या एका दवाखान्यात तर पोट दाबून लघवी काढायला शिकवलं होतं आणि मी वर्षभर ते इमानाने केलं, आज ते आठवलं की पोटात कालवतं. कारण ब्लॅडरचं, म्हणजे लघवीच्या पिशवीचं, तोंड घट्ट असताना वरून दाबलं की आतला दाब वाढतो आणि लघवी उलट किडनीकडे ढकलली जाऊ शकते, हे मला नंतर कळलं. तिसऱ्या वर्षी तिला १०४ ताप आला, उतरेना, ॲडमिट केलं, सोनोग्राफीत डावी किडनी सुजलेली. मग एमसीयू, म्हणजे ब्लॅडर औषधाने भरून काढायचा एक्सरे, केलं, लघवी खालून वर किडनीत जातेय असं दिसलं, आणि डीएमएसए स्कॅनमध्ये डाव्या किडनीवर व्रण. म्हणजे कायम ओला असणारा डायपर हा लघवी नीट होत असल्याचा नव्हे तर ब्लॅडर काठोकाठ भरून वरचं वर सांडत असल्याचा पुरावा होता. तीन वर्षं आम्ही तो बघत होतो. कुणीतरी पहिल्याच महिन्यात सांगायला हवं होतं. ज्यांचं बाळ आत्ता काही महिन्यांचं आहे आणि जे हे वाचतायत त्यांनी फक्त एवढं करा, पुढच्या भेटीत पायाबद्दल विचारायच्या आधी सोनोग्राफी आणि युरोडायनॅमिक म्हणजे ब्लॅडरमधला दाब मोजायची तपासणी, याबद्दल विचारा.

मला समजलंय तसं सांगते. ब्लॅडर आवळणं आणि त्याचं तोंड उघडणं या दोन्हीचा हुकूम मणक्याच्या अगदी खालच्या भागातून जातो, सेक्रल नसा, एस २ ते एस ४. गाठ कमरेत असली की या नसा तिच्या खालीच येतात, त्यामुळे मूल चालत असलं तरी ब्लॅडर बिघडलेलं असू शकतं, हे फार लोकांना माहीत नसतं. आमची लेक स्प्लिंट घालून चालते, तिला बघून कुणाला वाटणार नाही. काही मुलांचं ब्लॅडर ढिलं असतं, नुसतं गळतं. काहींचं उलटं, ब्लॅडर आवळतं पण त्याच वेळी खालचा झडपेसारखा स्नायू उघडायच्या ऐवजी बंद होतो, दोघांची मारामारी, आणि किडनीचं नुकसान याच प्रकारात जास्त होतं, आमचं हेच. आतला दाब ४० सेंटिमीटर पाण्याच्या वर राहिला की किडनी धोक्यात, हा आकडा १९८१ साली मॅक्ग्वायर नावाच्या डॉक्टरांनी अशाच मुलांच्या अभ्यासातून मांडला होता आणि आमच्या डॉक्टरांनी युरोडायनॅमिकचा कागद समोर ठेवून त्यावर पेनाने आडवी रेघ मारून दाखवला. लेकीचा आलेख त्या रेघेच्या बराच वर होता.

तर आता नळ्या.

पहिली वापरली ती खरं तर लघवीची नळीच नव्हती. सर्जिकलच्या दुकानात ६ नंबरची लहान मुलांची नळी मागितली तर दादांनी इन्फंट फीडिंग ट्यूब दिली, नाकातून दूध द्यायला असते ती, म्हणाले ताई सगळे हीच नेतात. आणि खरंच नेतात, हॉस्पिटलातसुद्धा तान्ह्या बाळांना हीच वापरताना मी पाहिलीय, स्वस्त आहे, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते, मऊ असते. पण रोजच्या कामाला मला ती अजिबात पटली नाही. एक तर ती खूप लांब, सापासारखी हातात वळवळते, एका हाताने पोरीला धरायचं की ट्यूबचं शेपूट सांभाळायचं. दुसरं म्हणजे बारीक असल्यामुळे लघवी थेंब थेंब येते, तीन वर्षांच्या मुलीला तेवढा वेळ झोपवून ठेवणं म्हणजे रोज पाच वेळा युद्ध. आणि तिसरं, जे मला सिस्टरांनी सांगितलं आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं, लघवी येईना म्हणून ही मऊ ट्यूब आत आत सरकवत गेलं तर ती ब्लॅडरमध्ये गुंडाळली जाऊन तिची गाठ बसू शकते, असे प्रकार झालेले आहेत आणि मग काढायला डॉक्टर लागतो. लघवी सुरू झाली की अजून एक-दोन सेंटिमीटर, बस, तिथे थांबायचं. कुठे अडकलात, दुसरं काही मिळतच नाहीये, तर वापरा, पण घरातली कायमची नळी म्हणून नको.

दुसरी साधी पीव्हीसीची नेलॅटन, आणि सहा वर्षांत नव्वद टक्के काम हिनेच केलंय. पारदर्शक सरळ नळी, टोक बंद आणि गोल, टोकाजवळ बाजूला दोन डोळे म्हणजे भोकं, मागे रंगीत तोंड. रंग म्हणजे नंबर, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, ६ ला फिकट हिरवा, ८ ला निळा, १० ला काळा, १२ ला पांढरा. नंबर म्हणजे जाडी, एक नंबर म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर, म्हणजे ८ नंबर साधारण २.७ मिलिमीटर आणि १० नंबर ३.३. मुलीची असेल तर फिमेल म्हणून आखूड मिळते ती मागा, मुलग्याला लांब लागते. दुकानदार लांबच देतात कारण तीच ठेवलेली असते, लांब चालते पण शाळेच्या पिशवीत मावत नाही आणि मुलीला स्वतःला धरायला अवघड जाते.

नेलॅटन सगळ्या सारख्याच असं वाटतं पण नाहीत. फरक असतो तो त्या दोन डोळ्यांच्या कडेत. चांगल्या नळीत कडा गुळगुळीत केलेल्या असतात, वाईट नळीत भोक पाडून तसंच सोडलेलं असतं आणि ती कड आतून ओरखडते. माझी परीक्षा अशी, नवीन लॉट आला की त्यातली एक नळी बळी द्यायची, फोडायची आणि जुन्या मऊ ओढणीवरून डोळे हलके फिरवायचे. धागा अडकला तर तो लॉट परत. एकदा दोन दिवस नळीला फिकट गुलाबी लागत होतं आणि मी घाबरून मिरजेला पळाले, तर तिथल्या डॉक्टरांनी नळी उजेडात धरली आणि म्हणाले ही कड बघा. तेव्हापासून ही ओढणीची सवय. आणि मुलीला आतून फारसं कळत नाही, ती ओरडणार नाही, त्यामुळे तिच्या वतीने हे आपणच तपासायचं असतं.

थंडीत ही नळी ताठ होते, डिसेंबरात कराडला सकाळी सहाला चांगलीच. पाकीट न फोडता दोन मिनिटं कोमट पाण्यात ठेवलं की मऊ पडते. जेली लागतेच, पाण्यात विरघळणारी, खोबरेल तेल आणि व्हॅसलीन नाही, कितीही वाटलं तरी नाही, ते पाण्याबरोबर धुऊन जात नाही. बधिर करणारी जेली आम्ही सुरुवातीला वापरायचो, नंतर डॉक्टरच म्हणाले हिला तिथे संवेदना कमी आहे, साधी जेली पुरे.

आता सगळ्यांचा प्रश्न, धुऊन परत वापरायची का. पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं असतं की एकदाच वापरा. पण महिन्याला १५० नळ्या होतात आणि आपल्याकडे बहुतेक घरं धुऊन वापरतात हे डॉक्टरांनाही माहीत असतं. आम्ही आमच्या डॉक्टरांशी नीट बोलून ठरवलं, सकाळी नवीन काढायची, दिवसभर तीच, प्रत्येक वेळी लगेच साबणाच्या पाण्याने आतून बाहेरून धुवायची, वाहत्या पाण्याखाली खळखळून, झटकून, स्वच्छ सुती कपड्यात उभी सुकवायची, रात्रीची वेळ झाली की फेकून द्यायची. ओली डबीत बंद करून ठेवायची नाही, वासावरूनच कळतं का नाही ते. तुमच्या मुलाला वारंवार इन्फेक्शन होत असेल तर तुमचं गणित वेगळं असेल, तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, माझं बघून करू नका.

हे सगळं निर्जंतुक नाही, नुसतं स्वच्छ आहे, आणि ते चालतं, हे पचायला मला वेळ लागला. ग्लोव्ह्ज नाही, स्पिरिट नाही, फक्त साबणाने धुतलेले हात? पण ही पद्धतच त्यावर उभी आहे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या जॅक लॅपिडस यांनी १९७२ साली हे छापलं, त्याआधी नळी म्हणजे ऑपरेशन थिएटरसारखी निर्जंतुक तयारी असंच सगळे मानायचे. त्यांचं म्हणणं असं की चार जंतू आत गेले म्हणून तेवढं बिघडत नाही, ब्लॅडर ताणून भरून ठेवलं की त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि मग तेच जंतू भारी पडतात. म्हणजे वेळ महत्त्वाची, वेळेवर रिकामं करणं. मी स्वयंपाकघरात घड्याळाखाली कागद लावलाय, ७, १०:३०, १:३०, ५, ९, आणि गेल्या सहा वर्षांत पाहुणे असोत, लग्न असो, गणपतीची आरती अर्ध्यात असो, ती वेळ झाली की झाली. हजार रुपयांची नळी आणली आणि दिवसा सात-आठ तास अंतर पडलं तर काही उपयोग नाही, आणि साधी नळी वेळेवर घातली तर किडनी वाचते, आमची उजवी वाचली आणि डावीची सूज उतरली ती साध्या नळीवरच.

जंतूंवरून आठवलं. लघवीचं कल्चर केलं की या मुलांच्या रिपोर्टमध्ये जंतू निघतातच बऱ्याचदा, नळी घालतोय म्हटल्यावर निघणारच. आमच्याकडे पहिलं वर्षभर प्रत्येक रिपोर्टला अँटिबायोटिकचा कोर्स झाला, पोरीला ना ताप ना काही, नुसता कागद बघून औषध. मग मुंबईच्या डॉक्टरांनी थांबवलं. ताप, कंबर किंवा पोट दुखणं, अचानक जास्त गळायला लागणं, लघवी एकदम गढूळ आणि उग्र वास, मूल मलूल, असं असेल तर उपचार, नुसत्या जंतूंना नाही, नाहीतर औषधंच काम करेनाशी होतात. ताप आला तर मात्र मी वाट बघत नाही, त्याच दिवशी लघवीची तपासणी, आणि शंट आहे म्हणून उलटी, डोकेदुखी यावरही डोळा ठेवावा लागतो.

तिसरा प्रकार हायड्रोफिलिक. हिच्या अंगावर असा थर असतो की पाणी लागलं की बुळबुळीत होते, जेली लागत नाही. हा प्रकार १९८३ साली स्वीडनमध्ये पहिल्यांदा बाजारात आला, लोफ्रिक नावाने, म्हणजे ही काही नवी फॅशन नाहीये, आपल्याकडे सहज मिळायला वेळ लागला एवढंच. दोन तऱ्हा आहेत, एकीत पाकिटातच पाण्याची छोटी पुडी असते, ती दाबून फोडायची आणि साधारण अर्धा मिनिट थांबायचं, दुसरी आधीपासूनच ओली असते, पाकीट फाडलं की तयार. दोन्ही वापरल्यात. लेकीला दुसरी आवडते कारण थांबायला लागत नाही.

जाताना येताना किती सहज जाते हे पहिल्यांदा केलं तेव्हा मी दोनदा बघितलं की गेली का खरंच. साध्या नळीला काढताना जो किंचित ओढा लागतो तो हिला नाही. मुलग्यांच्या आया सांगतात की त्यांच्याकडे फरक अजून जास्त जाणवतो कारण त्यांचा मार्ग लांब, मुलींचा आखूड. जेली नाही म्हणजे जेलीची ट्यूब नाही, कापूस नाही, चिकट हात नाहीत, शाळेत हे फार मोठं आहे. पण बुळबुळीत म्हणजे सगळीकडेच बुळबुळीत. लहान बोटांतून निसटते, खाली पडली की गेली, एक नळी वाया आणि ती रडवेली. म्हणून घेताना मागे कोरडी धरायला जागा आहे का किंवा वर प्लॅस्टिकची बाही आहे का ते बघा, बाही असेल तर नळीला हातच लागत नाही, हेही चांगलं. आणि ही धुऊन परत वापरायची नाही म्हणजे नाहीच. मी पैशाच्या मोहाने एकदा विचार केला होता, धुऊन सुकवून बघितली, थर वाळला की ती खरखरीत आणि चिकट होते, बोटाला फिरवली तेव्हाच कळलं आणि टाकून दिली. उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका, एकदा मे महिन्यात आमचा एक बॉक्स गाडीत राहिला आणि त्यातल्या नळ्या मी वापरल्या नाहीत.

भाव. मला आत्ता साधी नेलॅटन वीस-पंचवीस रुपयांना पडते, मिरजेहून शंभराचं पाकीट घेतलं तर अजून कमी. हायड्रोफिलिक एक १८० ला पडली, ३० चा बॉक्स. सगळ्या वेळी तीच वापरायची म्हटलं तर महिन्याला २७ हजार, ते आमच्याने होणारच नाही, माझे मिस्टर एका सहकारी संस्थेत क्लार्क आहेत. अमेरिकेत २००८ पासून मेडिकेअर ही सरकारी विमा योजना महिन्याला २०० नळ्यांपर्यंत पैसे देतं, आपल्याकडे नळी ही औषधासारखी लागणारी वस्तू आहे हेच पटवून द्यावं लागतं. तेव्हा आमचा तोडगा असा, घरी साधी, शाळेत हायड्रोफिलिक. शाळा ११ ते ५, घरून साडेदहाला करून जाते, दीडला मधल्या सुट्टीत एक, मग घरी. म्हणजे दिवसाला एकच आणि बॉक्स महिन्याच्या वर जातो.

शाळेबद्दल सांगायलाच हवं कारण नळीची खरी परीक्षा तिथे होते. पहिली दोन वर्षं मी रोज दीडला शाळेत जायचे, पावसात, आजारी असताना, वन्संच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा. ती दुसरीत गेली तेव्हा सिस्टरांनी तिला स्वतःचं स्वतः करायला शिकवलं, आधी बाहुलीवर, मग आरशात बघून, आणि सहा महिन्यांनी तिने आरसा बाजूला ठेवला, हाताने चाचपून जागा कळते म्हणाली. सिस्टरांनी मला खोलीच्या बाहेर बसवलं होतं, म्हणाल्या आई असली की ती तुमच्याकडे बघते, नळीकडे नाही. त्या बाईंचे उपकार आहेत आमच्यावर. शाळेत कमोड नाही, भारतीय संडास, स्प्लिंट घालून तिला उकिडवं बसता येत नाही, म्हणून ती भिंतीला पाठ टेकून उभी राहून करते आणि नळीचं तोंड खाली सोडते. हेडबाईंनी स्टाफचं बाथरूम वापरायला दिलं आणि आतून कडी नवी बसवली, शाळेतल्या मावशी दीड वाजता दाराशी उभ्या राहतात, कुणी ढकलू नये म्हणून. वर्गातल्या पोरींना ती सांगते मला मशीनसारखी शू करावी लागते. साध्या नळीने ती शाळेत करू शकली असती का? केलं असतं, पण जेली, कापूस, धुणं, सुकवणं यात अख्खी सुट्टी गेली असती आणि डबा राहिला असता. आता चार मिनिटांत होतं आणि लंगडी खेळायला नाही तरी बघायला जाते, गुण मोजायचं काम तिच्याकडे आहे.

लाल रबराची नळी कुणी दिली तर घेऊ नका. स्पायना बायफिडाच्या मुलांना लॅटेक्सची ॲलर्जी होण्याचा धोका खूप जास्त असतो, लहानपणापासून ऑपरेशनं, ग्लोव्ह्ज, नळ्या यांच्याशी सतत संबंध आल्यामुळे. नळी, जेली लावायचे ग्लोव्ह्ज, ऑपरेशन असेल तर फोलीची म्हणजे आत ठेवून द्यायची नळी, प्रत्येक ठिकाणी लॅटेक्स नाही ना विचारायचं, फोली सिलिकॉनची मागायची. आमच्या घरी वाढदिवसाला फुगे नसतात, झिरमिळ्या आणि झेंडूच्या माळा लावतो.

सासूबाईंना सुरुवातीला हे अजिबात पसंत नव्हतं. पोरीच्या जातीला रोज असं काही आत घालायचं, उद्या तिच्या लग्नाचं काय, असं त्या मला मागच्या दारी हळू आवाजात म्हणाल्या होत्या. चिडले होते मी, पण नंतर कळलं की ही भीती बऱ्याच घरात आहे आणि त्यापायी कित्येक मुलींची नळी बंद पडते. लघवीची जागा वेगळी आहे, पाळीची वेगळी, याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही, हे मी त्यांना चित्र काढून दाखवलं. पुढच्या भेटीला त्या बरोबर आल्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं, आणि परत आल्यावर स्वतःच्या जुन्या खणातून त्यांनी नातीला नळीची पिशवी शिवली, आत धुता येईल असं रेक्झिनचं अस्तर लावलं. चार वर्षं झाली, तीच पिशवी आहे.

नळीबरोबर ब्लॅडर शांत ठेवायचं औषध चालू असतं, ऑक्सिब्युटिनिन, त्याचं वेगळं लिहायला हवं खरं. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं आणि घाम कमी येतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये दुपारी तिचा चेहरा लालबुंद होतो, तिला उन्हात सोडत नाही, ओला पंचा जवळ ठेवते. आणि पोट साफ नसेल तर लघवी जास्त गळते, नळी कितीही चांगली असो, भरलेलं आतडं ब्लॅडरला दाबतंच. गळणं अचानक वाढलं आणि इन्फेक्शन नाही, पोटही साफ आहे, तर पाठ दाखवून घ्या, वाढीच्या वयात मणका लांबतो आणि खाली चिकटलेला मज्जारज्जू ताणला जातो. आमच्या ओळखीतल्या एका मुलाचं तसंच निघालं.

मोजायची सवय लावा. मी प्लॅस्टिकचा मापाचा जग ठेवलाय, वहीत वेळ आणि मिली लिहिते. वय अधिक एक, गुणिले ३०, एवढं साधारण त्या वयाचं ब्लॅडर धरतं, म्हणजे ९ वर्षांच्या मुलीला ३००. तिचं २२० च्या आसपास येतं. ती वही बघून डॉक्टर पाच मिनिटांत जे सांगतात ते माझ्या तोंडी वर्णनावरून कधीच सांगू शकले नसते.

जिल्हा रुग्णालयातही विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ ला सुरू झाला, त्यातल्या ३० आजारांच्या यादीत न्यूरल ट्यूब डिफेक्ट, म्हणजे स्पायना बायफिडा ज्यात येतो तो गट, आहे, आणि जिल्ह्याला डीईआयसी म्हणून अशा मुलांच्या लवकर उपचारांचं केंद्र असतं. आम्हाला हे अंगणवाडीच्या ताईंकडून कळलं, पोरगी चार वर्षांची झाल्यावर.

तर मार्क द्यायचे झाले तर फीडिंग ट्यूब पाचपैकी एक, अडचणीला ठीक. साधी नेलॅटन, डोळ्यांची कड गुळगुळीत असेल तर, चार. हायड्रोफिलिक साडेचार, अर्धा कापला तो भावासाठी, आणि मूल स्वतः करायला लागलं की मगच तिच्यावर पैसे घाला, लहान मूल आहे आणि तुम्हीच करताय तर साधी घ्या आणि उरलेल्या पैशात सोनोग्राफी वेळेवर करा.

गेल्या महिन्यात तिला १० नंबर सुरू केला. त्यामुळे ८ नंबरच्या, निळ्या तोंडाच्या, आखूड फिमेल साध्या नळ्यांची चाळीसेक पाकिटं घरात पडून आहेत, सीलबंद, एक्सपायरीला वर्ष आहे, ओढणीच्या परीक्षेत पास झालेला लॉट आहे. कराड-सातारा-सांगली भागात कुणाच्या लेकीला तो नंबर लागत असेल तर पैसे नकोत, घेऊन जा.